स्वाध्याय तपासतं कोण? सोलापुरातून घेता येणाऱ्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांचं परीक्षण

प्रवेशाचा हंगाम आला की ‘घरबसल्या पदवी’चे फलक शहरभर दिसू लागतात. फलकावर ॲप असतं, व्हिडिओंचे तास असतात, पदवीची टोपी घातलेला हसरा तरुण असतो. एक माहिती मात्र कधीच नसते: विद्यार्थ्यानं लिहिलेला स्वाध्याय कोण तपासणार, किती दिवसांत तपासणार, आणि त्यावर काही लिहून परत देणार का. वर्गात चेहरा पाहून सरांना कळतं की पोराच्या डोक्यावरून गेलं. दूरशिक्षणात ते कळायला कागदच आहे. म्हणून नाशिकचं मुक्त विद्यापीठ, इग्नू, खाजगी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्या आणि सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ स्वयम् हे चारही पर्याय इथे मुख्यतः या एकाच कसोटीवर पाहिले आहेत. फी, पुस्तकं, ॲप यांचाही विचार आहे, पण त्यांचं वजन कमी.

कसोटी म्हणजे नेमकं काय, ते एका गणितावरून पाहू. बी.कॉम.च्या स्वाध्यायात प्रश्न आला: यंत्रमागाची किंमत ५,००,००० रुपये, आयुष्य ९ वर्षं, मोडीची किंमत ५०,०००, स्थिर हप्ता पद्धतीनं (दर वर्षी सारखीच रक्कम) घसारा काढा. उत्तर दर वर्षी ५०,०००. आता एखाद्यानं चुकून ऱ्हासमान शेष पद्धत (दर वर्षी उरलेल्या किमतीवर टक्के) धरून १० टक्के लावले, तरी पहिल्या वर्षाचं उत्तर ५०,०००च येतं. दुसऱ्या वर्षी मात्र ४,५०,०००चे १० टक्के म्हणजे ४५,००० होतात. पहिली ओळ पाहून बरोबरची खूण मारणारा तपासनीस ही चूक परीक्षेपर्यंत तशीच पोचवतो. दुसऱ्या ओळीशी थांबून ‘पद्धत बदलली, घसारा मूळ किमतीवरून’ एवढं लिहिणारा तासाभराच्या व्हिडिओचं काम एका वाक्यात करतो.

अशी तपासणी कमी का होते, त्याची कारणं उघड आहेत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२०च्या नियमांनुसार सत्रान्त परीक्षेचं वजन ७० टक्क्यांपेक्षा कमी नसावं. म्हणजे वर्षभराच्या अंतर्गत कामाला फार तर ३० गुण. तपासणारे बहुधा दुसऱ्या महाविद्यालयात पूर्णवेळ शिकवणारे असतात आणि मानधन प्रतीमागे मिळतं, शेऱ्यामागे नाही. शिवाय एका सत्राला किंवा वर्षाला सगळ्यांना एकच प्रश्नसंच. त्यामुळे सोडवलेले स्वाध्याय झेरॉक्सच्या दुकानात आणि टेलिग्रामवर तयार मिळतात. तपासणाऱ्यापुढे एकसारख्या प्रतींचा गठ्ठा आला की तोही शेरा लिहायचं सोडून देतो. दोष एका बाजूचा नाही.

आधी मान्यता, मग बाकी सगळं

‘दूरस्थ’ आणि ‘ऑनलाइन’ हे नियमांच्या दृष्टीनं दोन वेगळे प्रकार आहेत, आणि दलाल नेमकं हेच धूसर ठेवतात. दूरस्थ प्रकारात छापील किंवा पीडीएफ पुस्तकं, अभ्यासकेंद्र, तिथले समुपदेशन वर्ग आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा. या प्रकारात राज्य विद्यापीठाला राज्याबाहेर अभ्यासकेंद्र चालवता येत नाही. ऑनलाइन प्रकारात अभ्यासकेंद्रच नसतं. शिकवणं, चर्चा, चाचण्या सगळं जाळ्यावर, आणि म्हणून हद्दीचं बंधनही नाही. दोन्हींत एक गोष्ट समान: अभ्यासक्रम फ्रॅन्चायझीला चालवायला देता येत नाही. नवी पेठेतल्या एखाद्या गाळ्यावर परराज्यातल्या विद्यापीठाचं ‘अधिकृत केंद्र’ अशी पाटी दिसली, तर नियमांच्या या एका ओळीवरच ती पाटी पडते.

सोलापूर सीमेवरचं शहर, त्यामुळे इथे हे जास्त जपायला हवं. म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाची मान्यता यूजीसीनं २०१५ साली काढली. राज्याबाहेर भागीदार संस्थांमार्फत चालवलेले अभ्यासक्रम हा त्यातला मोठा मुद्दा होता. २०१८ साली मान्यता परत मिळाली, पण मधल्या वर्षांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्यांचा घोळ लांबला. त्या विद्यापीठाबद्दल आज संशय घ्यावा असा याचा अर्थ नाही. मान्यता कायमची नसते, ती वर्षाची, सत्राची आणि एकेका अभ्यासक्रमाची असते, एवढं यातून घ्यावं.

पडताळणीला अर्धा तास पुरतो. यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. त्यात चार गोष्टी जुळवायच्या: शैक्षणिक वर्ष आणि सत्र (जानेवारी-फेब्रुवारी की जुलै-ऑगस्ट), प्रकार (दूरस्थ की ऑनलाइन), अभ्यासक्रमाचं नेमकं नाव, आणि विद्यापीठाचं पूर्ण नाव गावासकट. यादीत ‘एम.ए. अर्थशास्त्र’ आहे आणि माहितीपत्रकात ‘एम.ए. उपयोजित अर्थशास्त्र’ लिहिलंय, तर थांबायचं. एमबीए, एमसीए असेल तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यताही पाहायची. त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. पाच वर्षांनी नोकरीच्या कागदपत्र तपासणीत तो कामाला येतो.

काही विषय या मार्गानं मिळतच नाहीत. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, औषधनिर्माण, फिजिओथेरपी, वास्तुकला, कायदा यांची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन असं कोणी सांगितलं तर तिथून उठावं. पीएच.डी.चंही तेच. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, आहारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान असे आरोग्याशी जोडलेले विषयही बंद झाले. समुपदेशक व्हायचं म्हणून एम.ए. मानसशास्त्र शोधणारे बरेच असतात. जुन्या फलकांवर ते अजूनही सापडेल. बी.एड. दूरस्थ मार्गानं आहे, पण ते सेवेतल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी. नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी नाही.

२०२४च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून प्रवेशाला डेब आयडी, म्हणजे दूरशिक्षण ब्युरोचा विद्यार्थी क्रमांक, लागतो. क्रम असा: आधी डिजिलॉकरमार्फत एबीसी आयडी (श्रेयांक म्हणजे क्रेडिट साठवायच्या खात्याचा क्रमांक), मग दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर त्याच्या आधारे डेब आयडी, मग विद्यापीठाचा अर्ज. हा आयडी विद्यार्थ्यानं स्वतः, स्वतःच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनं काढायचा. ‘कागद द्या, आम्ही काढतो’ म्हणणाऱ्याचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल त्यात गेला की पुढची प्रत्येक सूचना त्याच्याकडे जाते आणि विद्यार्थी त्याच्या दारात अडकतो.

अडतं ते नावात. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव, दहावीला माहेरचं. तेलुगू घरांतलं आडनाव एका कागदावर दोन शब्दांत, दुसऱ्यावर जोडून. संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. अर्ज भरण्याआधी आधार दुरुस्ती किंवा राजपत्रातला नावबदल उरकून घ्यावा, कारण मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात यातलं काहीच होत नाही. आणि पदव्युत्तरला जाणाऱ्या जुन्या पदवीधरांसाठी एक बारीक गोष्ट: सोलापूर विद्यापीठ २००४ साली झालं. त्याआधीची पदवी शिवाजी विद्यापीठाची, त्यामुळे स्थलांतर प्रमाणपत्रासाठी कोल्हापूरकडे अर्ज करावा लागतो. केगावला चकरा मारून उपयोग नाही.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ

नाशिकचं हे विद्यापीठ १९८९चं. मराठी माध्यमातून बी.ए., बी.कॉम. करायचं असेल तर सोलापूर जिल्ह्यातल्या माणसासाठी याला तोड नाही, आणि हे मत पुस्तकांवरून आहे. दूरशिक्षणाचं पुस्तक कसं असावं याची एक रीत आहे: घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मग छोटे उपघटक, दर दोन-चार पानांनी स्वतःला तपासायचे प्रश्न, घटकाच्या शेवटी त्यांची उत्तरं. या रीतीनं लिहिलेलं मराठी पुस्तक कारखान्यातली पाळी संपवून रात्री दहाला उघडलं तरी वाचता येतं. पुस्तकांचे पीडीएफ विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतात. प्रवेशापूर्वी आपल्या विषयाचं एक पुस्तक उतरवून त्यातला एक घटक वाचून पाहावा. दर्जा जोखायचा याहून स्वस्त उपाय नाही.

उणीव पुस्तकाच्या वयात दिसते. इतिहास, मराठी साहित्य यांना ते फारसं जाचत नाही. वाणिज्य आणि संगणकाला जाचतं. करांच्या पुस्तकात जीएसटी नंतर चिकटवल्यासारखा आला असेल, किंवा कंपनी कायद्याची कलमं २०१३च्या कायद्याऐवजी १९५६च्या कायद्यातली असतील, तर ते पुस्तक कुठल्याही विद्यापीठाचं असो, त्याच्या भरवशावर परीक्षा देऊ नये. पीडीएफच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर आवृत्तीचं वर्ष असतं, ते पाहायचं.

अभ्यासकेंद्र हा मात्र नशिबाचा भाग. केंद्रं स्थानिक महाविद्यालयांत चालतात. केंद्र-संयोजक मनावर घेणारा असेल तर रविवारचे वर्ग भरतात, प्रकल्पाचं मार्गदर्शन होतं, सूचना व्हॉट्सॲप गटावर वेळेत येतात. नसेल तर केंद्र म्हणजे फक्त अर्ज स्वीकारायची खिडकी. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडच्या लोकांनी घराजवळचं केंद्र आपोआप निवडू नये. आधी तिथे रविवारी सकाळी जाऊन वर्ग खरंच भरतो का ते पाहावं आणि गेल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा: अंतर्गत कामावर काही लिहून परत मिळालं का? प्रवेश झाल्यावर केंद्र बदलणं जिकिरीचं असतं.

उन्हाळी परीक्षेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. सोलापूरच्या उन्हात दुपारच्या सत्रात तीन तास लिहायचं म्हणजे पाण्याची बाटली आणि दोन चांगली पेनं लागतातच, पण त्याहून महत्त्वाचा हाताचा सराव. वर्षभर मोबाइलवर वाचणाऱ्यांची तिसऱ्या तासाला बोटं आखडतात आणि शेवटचे दोन प्रश्न अर्धे राहतात. नापास होण्याचं हे कारण कोणी मोजत नाही.

इग्नू

१९८५ साली संसदेच्या कायद्यानं झालेलं केंद्रीय विद्यापीठ. माध्यम मुख्यतः इंग्रजी आणि हिंदी. ज्याला इंग्रजीतून वाचता येतं त्याच्यासाठी समाजशास्त्र, इतिहास, लोकप्रशासन, अर्थशास्त्र यांचं इग्नूचं साहित्य आजही बाजारातल्या बहुतेक पुस्तकांपेक्षा चांगलं आहे. स्पर्धा परीक्षावाले ते पदवीशिवायही वाचतात. ई-ज्ञानकोश या इग्नूच्या संकेतस्थळावर ते फुकट आहे, प्रवेश न घेताही.

स्वाध्यायाच्या कसोटीवर इग्नूची कागदावरची रचना सगळ्यांत चांगली. तपासनीसानं समासात शेरे लिहावेत, शेवटी एकत्रित अभिप्राय द्यावा आणि प्रत विद्यार्थ्याला परत मिळावी, अशी व्यवस्था आखलेली आहे. ती चालणं केंद्रावर अवलंबून असतं. म्हणून इथे विद्यार्थ्यालाच थोडं चिकट व्हावं लागतं. स्वाध्याय आणि परीक्षा या दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं, पदवीला साधारण ३५ टक्के, पदव्युत्तरला ४०. एकातले जास्त गुण दुसऱ्याची तूट भरत नाहीत.

स्वाध्याय देताना या गोष्टी चुकतात. प्रश्नसंच मागच्या सत्राचा उतरवला जातो, म्हणून वरचा सत्राचा उल्लेख आधी वाचायचा. पहिल्या पानावर नावनोंदणी क्रमांक, अभ्यासक्रमाचं सांकेतिक चिन्ह, अभ्यासकेंद्राचा क्रमांक, पत्ता आणि तारीख हवी. उत्तर हातानं लिहिलेलं, प्रत्येक विषयाचा गठ्ठा वेगळा. एकत्र शिवले की एक विषय तपासला जातो आणि बाकीचे हरवतात. देण्याआधी सगळी पानं मोबाइलवर स्कॅन करायची, आणि केंद्रात दिल्यावर पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. जून परीक्षेसाठी मुदत साधारण मार्चअखेर, डिसेंबरसाठी सप्टेंबरअखेर असते. मुदतवाढ बहुधा मिळते, पण शेवटच्या दिवसांत आलेल्या गठ्ठ्याला शेरा मिळत नाही. एवढ्यासाठी तरी महिनाभर आधी द्यावा.

यातलं काही चुकलं की ते लगेच कळत नाही, हा खरा त्रास. परीक्षा होते, निकाल चांगला लागतो, पण संकेतस्थळावरच्या गुणपत्रकात त्या विषयापुढे ‘नॉट कम्प्लिटेड’ तसंच राहतं, कारण स्वाध्यायाचे गुण चढलेले नसतात. अशा वेळी पोच आणि स्कॅन घेऊन आधी केंद्र, मग विभागीय केंद्र असा क्रम. सोलापूरला जवळचं विभागीय केंद्र पुण्यात. ईमेलनं दोनदा लिहूनही हललं नाही तर हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. जाताना विषयांची चिन्हं, सत्र आणि पोचीची तारीख यांचा एक पानाचा तक्ता करून न्यावा. खिडकीवरच्या माणसाला गोष्ट नको असते, तक्ता हवा असतो.

दुसरा सापळा पुनर्नोंदणीचा. पहिल्या वर्षाचा निकाल लागायची वाट पाहत बसायचं नसतं. पास-नापास काहीही असो, पुढच्या वर्षाची नोंदणी आणि फी ठरलेल्या मुदतीत भरायचीच. ती चुकली की अर्धं वर्ष जातं. परीक्षेचा अर्ज आणि त्याचं शुल्कही वेगळं असतं, प्रवेशाच्या फीमध्ये ते धरलेलं नसतं. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते, ही सवलत आहे. बहुतेकांच्या बाबतीत ती सबब होते.

वेळेचा हिशोब इग्नूच्याच मापानं करू. एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वर्षाला ३२ श्रेयांक धरले तर ९६० तास, म्हणजे आठवड्याला सुमारे साडेअठरा, रोज अडीच तासांहून थोडे जास्त. ‘आठवड्याला दोन तास पुरेत’ हे वाक्य जिथे ऐकू येईल तिथे पदवी विकली जातेय, शिक्षण नाही.

खाजगी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्या

इथे नावं घेण्यात अर्थ नाही. सगळ्यांचा साचा एकसारखा, आणि फरक विद्यापीठापेक्षा एकेका अभ्यासक्रमात जास्त पडतो. बीबीए, बीसीए, एमबीए हा यांचा मुख्य माल. जमेच्या बाजूला बरंच काही आहे: ॲप चांगलं चालतं, रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी मिळतं, निकाल वेळेवर लागतो, परीक्षेला गाव सोडावं लागत नाही. चिंचोळी एमआयडीसीत किंवा औषध कंपनीत फिरतीची नोकरी करणाऱ्याला हे महत्त्वाचं आहे. पदवीच्या मान्यतेचा प्रश्नही उरलेला नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, हे यूजीसीनं २०२२ साली पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षापासून एक नियमित आणि एक ऑनलाइन किंवा दूरस्थ अशा दोन पदव्या एकाच वेळी घेता येतात.

आता कसोटी. यांच्या अंतर्गत ३० गुणांचा मोठा भाग बहुपर्यायी चाचण्यांचा असतो. दहा प्रश्न, यंत्र तपासतं, दोन-तीनदा देता येते, प्रश्नसंग्रह छोटा असल्यामुळे तिसऱ्या वेळी तेच प्रश्न येतात. गुण छान मिळतात आणि कोणी एक अक्षरही वाचलेलं नसतं. वर्णनात्मक स्वाध्याय असतो तिथे पीडीएफ चढवायची आणि दोन आठवड्यांनी फक्त आकडा दिसतो. वरचं घसाऱ्याचं चुकलेलं गणित इथे बिनधास्त पास होईल. एमबीएला तर हे फारच खटकतं, कारण तिथे उत्तरापेक्षा उत्तरामागचं कारण तपासायचं असतं.

चर्चेसाठी एक फलक देणं ऑनलाइन प्रकारात आवश्यकच आहे. प्रवेशाआधी डेमो लॉगिन मागून तो फलक उघडून पाहावा. विद्यार्थ्यांच्या प्रश्नाखाली विषय शिकवणाऱ्याचं उत्तर आहे की ‘तुमची तक्रार नोंदवली आहे’ असं यंत्राचं उत्तर आहे, हे पाच मिनिटांत कळतं. डेमो द्यायला नकार मिळाला तर तेही उत्तरच समजावं.

फोन करणारा ‘शैक्षणिक सल्लागार’ हा विक्रेता असतो, त्याच्याशी त्याच हिशोबानं बोलावं. ‘आज रात्रीपर्यंतच सवलत’ हे पुढच्या आठवड्यातही असतं. ‘बिनव्याजी हप्ता’ म्हणजे बहुतेक वेळा वित्तसंस्थेनं विद्यार्थ्याच्या नावावर दिलेलं कर्ज असतं. शिक्षण सोडलं तरी हप्ता सुटत नाही, आणि थकला तर सिबिल खराब होतं, पुढे दुचाकीचं कर्जही अडतं. त्यामुळे सही करण्याआधी करारावर कर्जदार कोण, कर्ज देणारा कोण आणि प्रवेश रद्द केल्यास पैसे कोण कोणाला परत करणार, या तीन जागा वाचायच्या. पैसे विद्यापीठाच्या नावच्या खात्यावरच भरायचे, ‘एज्युटेक’ किंवा ‘कन्सल्टन्सी’च्या क्यूआरवर नाही. पावतीवर विद्यापीठाचं नाव नसेल तर ती पावती नव्हे.

घरातली परीक्षा

प्रॉक्टर्ड, म्हणजे कॅमेऱ्यातून देखरेख होणाऱ्या, परीक्षेला मोबाइल चालत नाही असंच धरून चालावं. कॅमेरा-माइक असलेला लॅपटॉप, ठरलेला ब्राउझर, ओळखपत्र आणि बंद दाराची खोली लागते. सुरुवातीला कॅमेऱ्यानं खोली फिरवून दाखवावी लागते. नजर वारंवार पडद्याबाहेर गेली, दुसरा आवाज आला, खिडकी बदलली की यंत्र खूण करून ठेवतं, आणि अशा खुणा साठल्या की पेपर छाननीत जातो.

सोलापुरात यात दोन अडचणी हमखास येतात. एक आवाज. साखर पेठ, अशोक चौकाच्या भागात भिंतीपलीकडे माग चालू असतो आणि उन्हाळ्यात कूलर अंगावर घोंघावत असतो. माइक दोन्ही पकडतो. साधे इअरफोन बहुतेक परीक्षांत चालत नाहीत, त्यामुळे आवाज मुळातच कमी करावा लागतो: आतली खोली, कूलर आधी तासभर चालवून बंद, छताचा पंखा मधल्या वेगावर. सराव परीक्षा त्याच खोलीत, त्याच वेळेला द्यायची. सकाळची सराव परीक्षा दुपारच्या पेपरबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरी वीज. लॅपटॉप बॅटरीवर तासभर तग धरतो, राउटर क्षणात बंद पडतो. १२ व्होल्टच्या राउटरला लागणारा छोटा यूपीएस मिळतो, तो घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवायचे. तो नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट आधीच जोडून, पासवर्ड साठवून ठेवायचा. खूप जणांकडे हॉटस्पॉट असतो, पण लॅपटॉपनं तो कधी पाहिलेला नसतो, आणि पेपर चालू असताना पासवर्ड टाकायला खिडकी बदलली की खूण पडते. जोडणी तुटली तर वेळ नोंदवून लगेच तक्रार नोंदवायची, वीज कंपनीचा खंडित पुरवठ्याचा संदेश जोडायचा.

डेटाचंही मोजून ठेवावं. ४८० दर्जाचा व्हिडिओ साधारण १ मेगाबिट प्रतिसेकंद खातो, म्हणजे तासाला सुमारे ४५० एमबी. रोज दीड जीबीच्या पॅकमध्ये तीन तास कसेबसे बसतात, घरातल्यांनी रील पाहिली नाहीत तर. नुसता आवाज ६४ किलोबिटला तासाला २९ एमबी. ज्या ॲपमध्ये फक्त ऑडिओ ऐकायची किंवा वायफायवर उतरवून ठेवायची सोय आहे, ते पाळीत काम करणाऱ्यासाठी झगमगीत ॲपपेक्षा चांगलं. अभ्यासिकेत बसून थेट वर्गात बोलता येत नाही, हेही लक्षात ठेवावं. तिथे रेकॉर्डिंगच पाहायचं.

स्वयम् थोडक्यात

२०१७ साली सुरू झालेलं सरकारी व्यासपीठ. पदवी मिळत नाही, पण यातले श्रेयांक चालू पदवीत धरता येतात, सत्राच्या अभ्यासक्रमांच्या ४० टक्क्यांपर्यंत, अर्थात आपलं विद्यापीठ ते स्वीकारत असेल तर. म्हणून आधी महाविद्यालयाचं लेखी घ्यावं. शिकणं फुकट, शुल्क फक्त परीक्षेला, आणि ती केंद्रावर जाऊन द्यायची. स्वयम् वरच्या एनपीटेलच्या (आयआयटींच्या उपक्रमाच्या) बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारापैकी सर्वोत्तम आठ स्वाध्यायांची सरासरी २५ गुणांत आणि परीक्षा ७५ गुणांत. प्रमाणपत्राला २५पैकी १० आणि ७५पैकी ३०, दोन्ही लागतात. स्वाध्याय यंत्रच तपासतं, पण मुदत संपल्यावर उत्तरं उघड होतात आणि प्रश्नोत्तरांच्या फलकावर बऱ्याच अभ्यासक्रमांत विषयाची जाण असलेली माणसं उत्तर देतात. फुकट मिळणाऱ्या गोष्टीकडून एवढी अपेक्षा नव्हती.

कोणी काय घ्यावं

स्पर्धा परीक्षेसाठी पदवीची अट पूर्ण करायची आहे आणि मराठीतूनच लिहायचंय: मुक्त विद्यापीठ, केंद्र नीट निवडून. इंग्रजी वाचनाची तयारी आहे आणि विषय खरंच शिकायचाय: इग्नू. नोकरीत बढतीसाठी एमबीएचा कागद हवा, फिरती आहे, पैसे आहेत: खाजगी ऑनलाइन, पण डेमो लॉगिन पाहिल्याशिवाय नाही. बीसीए करून सॉफ्टवेअरमध्ये जायचं असेल तर नुसत्या ऑनलाइन पदवीवर पुण्यातला दरवाजा उघडत नाही. सोबत एनपीटेलचे दोन-तीन अभ्यासक्रम आणि दाखवता येईल असं काम लागेल. घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळा मराठी आणि व्याख्यान इंग्रजी अशी स्थिती असेल, तर आपोआप उमटणाऱ्या उपशीर्षकांवर विसंबू नये, ती पारिभाषिक शब्दांवरच चुकतात. अशा विद्यार्थ्यानं व्हिडिओआधी त्या घटकाचं मराठी पुस्तक वाचावं, मग व्हिडिओ पाहावा. उलट क्रमानं वेळ दुप्पट जातो.

राहिला तपासलेल्या कागदाचा हक्क. सार्वजनिक विद्यापीठाकडून आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते, सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली ते मान्य केलं आहे. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. इग्नूकडे केंद्राच्या नियमांनी अर्ज करायचा. मुक्त विद्यापीठाकडे महाराष्ट्राच्या ठरलेल्या नमुन्यात, एकाच विषयावर, १५० शब्दांच्या आत, कोर्ट फी स्टॅम्प लावून. अर्जात ‘माझे गुण कमी का’ असं विचारू नये, त्याला उत्तर मिळत नाही. ‘अमुक सत्र, अमुक विषय, अमुक आसन क्रमांक, तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत’ एवढंच मागावं. स्वाध्यायाची प्रत परत मिळाली नसेल तर तीही याच भाषेत मागता येते. खाजगी विद्यापीठांना हा कायदा सरसकट लागू होत नाही. तिथे यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करायची, आणि प्रवेश घेतानाच माहितीपत्रकातल्या मूल्यमापनाच्या पानाची प्रत जपून ठेवायची.